गावचे दुकान आणि हिशेबाची वही
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गावात पिकलेला माल गावकऱ्यांच्याच मालकीच्या दुकानातून विकला जावा, ही कल्पना ऐकताक्षणी सर्वांना पटते. शेतकऱ्याला वाटते, अडत्या टळेल. शेतमजुराला वाटते, ताजे आणि स्वस्त मिळेल. सरकारी अधिकाऱ्याला वाटते, आपल्या अहवालात एक ओळ वाढेल. परंतु या सहमतीच्या तळाशी प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते, आणि दुकान उघडल्यावर थोड्याच दिवसांत या अपेक्षा एकमेकींवर आदळतात. अनेक दुकाने बंद पडतात ती त्या वेळी. म्हणून अशा दुकानाचे गुणगान करण्यापेक्षा ते कशामुळे टिकते आणि कोणासाठी टिकते, याचा विचार आपण केला पाहिजे.

वही कोणाच्या हातात?

महाराष्ट्राला या प्रश्नाचा इतिहास नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावाचे वैशिष्ट्य असे की शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळण्यावर होता. त्या काळच्या गावात मीठ-तेल विकणारा, धान्य विकत घेणारा आणि कर्ज देणारा हा पुष्कळदा एकच मनुष्य असे. त्याची सत्ता ज्या वहीत साठलेली होती ती वही शेतकऱ्याला वाचता येत नव्हती. जी वही आपल्याला वाचता येत नाही ती आपल्यावर राज्य करते, हे त्या निरक्षर शेतकऱ्याने अचूक ओळखले होते.

आज वाण्याच्या जागी सहकारी पाटी लावली, परंतु वही मात्र चिटणीस आणि अध्यक्ष यांच्यापलीकडे कोणी पाहिली नाही, तर मूलतः काय बदलले? महाराष्ट्रातील सहकारी चळवळीचा मोठा भाग धनिक शेतकऱ्यांच्या हाती गेला, तो कायद्याने त्यांना जास्त मते दिली म्हणून नव्हे. एक सभासद, एक मत हे तत्त्व १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातही आहे. पण मत पाच वर्षांतून एकदा असते आणि वही रोज लिहिली जाते. ज्याच्या हाती रोजची वही, त्याच्या हाती संस्था.

गल्ल्याच्या दोन बाजू

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो आपल्याच माणसांमधला आहे. गावच्या दुकानात टोमॅटो आणून देणारा दोन एकरांचा शेतकरी हा किसान सभेचा सभासद. ते टोमॅटो तोडणारी आणि संध्याकाळी मजुरीच्या पैशातून त्यातलेच अर्धा किलो विकत घेणारी बाई ही शेतमजूर युनियनची सभासद. त्याला दोन रुपये जास्त हवेत, तिला दोन रुपये कमी. दोघांचीही मागणी न्याय्य आहे. अडत्याला मधून काढले की हा अंतर्विरोध आपोआप मिटेल, असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय.

हा पेच सोडवण्याचा एक जुना प्रयत्न पाहण्यासारखा आहे. २१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात, टोड लेन नावाच्या गल्लीत, काही कामगारांनी एक दुकान उघडले. सभासद २८, भांडवल २८ पौंड. आणि विक्रीला लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ व थोड्या मेणबत्त्या. त्यांच्यात विणकर होते, चार्टिस्ट होते, रॉबर्ट ओवेनचे अनुयायी होते. गिरणीमालकांच्या दुकानांतून भेसळीचा माल उधारीवर घेऊन ते गांजलेले होते. त्यांनी नियम केले ते असे: माल शुद्ध आणि माप पुरे, व्यवहार रोख, भांडवलावर ठरावीक मर्यादेतच व्याज, आणि विक्री चालू बाजारभावाने. मग सभासदाचा फायदा कोणता? तिमाहीच्या हिशेबात जो वाढावा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात त्याला परत. भांडवल जास्त म्हणून वाटा जास्त, हा भांडवलशाहीचा नियम त्यांनी दुकानाच्या उंबरठ्यावरच अडवला.

इथे भाषांतराचे काम करणारी कार्यकर्ती म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधते. मराठी सहकारी हिशेबात ‘नफा’ या शब्दाशेजारी ‘वाढावा’ हा शब्द नांदतो. नफा दुसऱ्याकडून मिळवला जातो. वाढावा आपण सर्वांनी अगोदर जास्त दिलेले आणि म्हणून परत मिळणारे असते. गावच्या दुकानात तो दोन्ही बाजूंना परत गेला पाहिजे: माल देणाऱ्याला त्याने दिलेल्या मालाच्या प्रमाणात, आणि घेणाऱ्याला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. दोघांत वाटणी किती, हे सभासदांच्या सभेत, वही समोर ठेवून ठरावे. अंतर्विरोध याने नाहीसा होत नाही. परंतु तो उघड्यावर येतो, आकड्यांत मांडला जातो आणि मित्रांमधल्या वादासारखा हाताळता येतो.

अडत्याचा हिस्सा: किती लूट, किती खर्च?

आता थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा दुकानाने शेतकऱ्याला किलोला १० रुपये देऊन १०० किलो टोमॅटो घेतले. खर्च १००० रुपये. विक्रीचा भाव १६ रुपये. यातले १५ किलो नासले, तर ८५ किलोंचे १३६० रुपये आले. हाती राहिले ३६०. यातून वाहतूक, जागेचे भाडे, वीज आणि दुकानात दिवसभर बसणाऱ्या बाईची मजुरी द्यायची आहे. म्हणजे अडत्या गेला की त्याचे सहा रुपये शेतकऱ्याच्या खिशात पडतील, ही समजूत चुकीची आहे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात मार्क्सने अभिसरणाच्या खर्चाचा विचार करताना वाहतुकीसारख्या खऱ्या श्रमाचा खर्च आणि केवळ खरेदी-विक्रीमुळे होणारा खर्च यांत फरक केला आहे. आपल्याला अडत्याची लूट नष्ट करायची आहे. श्रमाचा खर्च आपल्यालाही द्यावाच लागेल.

याच हिशेबाची आणखी एक बाजू आहे. विक्रीचा भाव एक रुपयाने वाढवला तर वरच्या उदाहरणात ८५ रुपये जास्त मिळतील, आणि ते मजूर बाईच्या पदरातून येतील. नासाडी १५ किलोंवरून ५ किलोंवर आणली, तर १६० रुपये जास्त मिळतील, आणि ते कोणाच्याही पदरातून येणार नाहीत. म्हणून दुकानाची पहिली लढाई नासाडीशी आहे. आणि इथेच गावच्या दुकानाला शहरातल्या मंडईपेक्षा सोय आहे: शेत हाकेच्या अंतरावर असते. आदल्या संध्याकाळी मागणीची यादी करावी, सकाळी तेवढाच माल तोडावा. उरलेला वेलीवर सुरक्षित असतो. डाळ, गूळ, तांदूळ, तेल असा टिकणारा माल सोबत असला म्हणजे नाशवंत मालाचा धक्का सोसतो.

संध्याकाळी उरलेली भाजी कमी भावात काढणे योग्यच आहे, आणि कामावरून परतणाऱ्या मजुराला त्याचा लाभही होतो. पण इथे एक सावधगिरी हवी. सकाळचे ताजे मास्तरांना आणि पाटलांना, संध्याकाळचे कोमेजलेले दलित वस्तीला, अशी वाटणी रूढ झाली तर आपण जुन्या गावगाड्याचेच दुकान मांडले, असे होईल. त्याचप्रमाणे गल्ल्यावर कोण बसते, लोणचे-पापड कोणाच्या हातचे ठेवले जातात, हा प्रश्न टाळून गावची एकी साधता येत नाही. दलित बाईच्या हातचा माल दुकानात ठेवायला जे दुकान कचरते ते गावाचे नव्हे. ते गावातल्या काही घरांचे आहे.

फुकटचे श्रम

ब्रिटनच्या खेड्यांतील खासगी दुकाने बंद पडू लागली तेव्हा अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी भाग काढून ती स्वतः चालवायला घेतली. आज तेथे अशी सुमारे चारशे दुकाने आहेत. त्यांतली पुष्कळशी स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माणसाला आठवड्यातले चार तास देणे शक्य आहे. आपल्या गावात मात्र स्वयंसेवक म्हणजे बहुधा बचत गटातली बाई असते. तिचा दिवस बुडाला की चूल अडते. तिला सेवाभाव शिकवून फुकट राबवायचे आणि दुकान फायद्यात आहे असे जाहीर करायचे, हे शोषणच आहे. फक्त मालकाच्या जागी संस्था आली. वर काढलेल्या ३६० रुपयांतून तिची पूर्ण मजुरी निघत नसेल, तर दुकान तोट्यात आहे असेच वहीत लिहिले पाहिजे.

रॉचडेलचा इतिहास या बाबतीत धडा देतो. तेथील सहकारी मंडळींनी १८५४ साली कापडाची गिरणी काढली आणि कामगारांना वाढाव्यात वाटा दिला. भांडवल वाढवण्यासाठी बाहेरचे भागधारक घेतले गेले. १८६२ साली त्यांच्या बहुमताने तो वाटा बंद झाला. वर्गीय हितसंबंध सभासद-पुस्तकातून आत शिरतात ते असे.

केरळचा अनुभव

आपल्या देशात या प्रश्नाला व्यापक प्रमाणावर हात घातला गेला तो केरळमध्ये. १९९६ साली तेथे लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली, योजना खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आला, आणि १९९८ साली कुटुंबश्रीचा आरंभ झाला. दहा ते वीस स्त्रियांचा शेजारगट, त्यावर प्रभागाची संस्था, त्यावर पंचायतीची संस्था, अशी ही रचना आहे. चाळीस लाखांहून अधिक स्त्रिया तिच्यात आहेत. चार ते दहा जणींचे गट खंडाने जमीन घेऊन भात, भाजी, केळी पिकवतात, आणि तो माल ‘नाट्टुचंता’ म्हणजे गावबाजार भरवून तसेच २०२४ पासून ‘नेचर्स फ्रेश’ नावाच्या केंद्रांतूनही विकला जातो. अलप्पुळा जिल्ह्यातील कंजिकुळी पंचायतीने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, काथ्याच्या कामावर जगणाऱ्या वाळूच्या भूमीत, घरोघर भाजी पिकवण्याची मोहीम चालवली. तेथे विक्रीची व्यवस्था उत्पादनाच्या मागोमाग आली, हे लक्षात घ्यावे. माल नाही आणि दुकान आहे, अशी उलटी सुरुवात तेथे झाली नाही.

परंतु दुकान कितीही चांगले चालले, तरी ते बाजारभावाच्या कोसळण्यापुढे उभे राहू शकत नाही. शेजारच्या राज्यातून स्वस्त भाजीचे ट्रक आले की गावच्या दुकानाने काय करावे? शेतकऱ्याचा भाव पाडावा, की गिऱ्हाईक गमवावे? या प्रश्नाचे उत्तर दुकानात नसते. ते राज्यसत्तेच्या धोरणात असते. तेथील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने १ नोव्हेंबर २०२० पासून सोळा भाज्या-फळांना आधारभाव लागू केले. उत्पादनखर्चावर वीस टक्के, असे त्याचे सूत्र होते. टॅपिओकाला, म्हणजे साबुकंदाला, किलोला १२ रुपये ठरले. बाजार त्याखाली गेला तर त्या भावाने खरेदी करण्यात सहकारी संस्थांना सामील करून घेतले गेले.

तेथील अडचणीही सांगितल्या पाहिजेत. केरळमध्ये कुळवहिवाट कायद्याने संपुष्टात आली आहे, त्यामुळे स्त्रियांच्या गटांची खंडाची शेती बहुधा तोंडी करारावर चालते. जमीन सुधारली की मालक ती परत मागू शकतो. विक्रीचे दुकान स्त्रियांचे, पण जमीन दुसऱ्याची, हा विरोध तेथेही सुटलेला नाही.

मर्यादा आणि कर्तव्य

पहिल्या इंटरनॅशनलच्या १८६४ मधील उद्घाटनपर निवेदनात मार्क्सने सहकारी चळवळीचा गौरव केला, आणि त्याबरोबरच, लहानशा वर्तुळातले असे प्रयत्न मक्तेदारीची वाढ रोखू शकणार नाहीत, हेही बजावले. लेनिनने जानेवारी १९२३ मध्ये सहकारावर लिहिताना सांगितले की सत्ता श्रमिकांच्या हाती असेल तर सहकाराचा अर्थच बदलतो. वर्गसंघर्ष वगळून सहकाराची स्वप्ने पाहणे हा भाबडेपणा होय. ही दोन्ही विधाने एकत्र वाचावीत. दुकान काढून जमिनीचा, हमीभावाचा, किमान वेतनाचा लढा टळत नाही. परंतु तो लढा चालवणाऱ्या माणसांना हिशेब वाचण्याची, भाव ठरवण्याची आणि एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या गरजांचा निवाडा करण्याची सवय लागणे, हेही क्रांतिकारक कामच आहे.

तेव्हा, जिथे आपले कार्यकर्ते असे दुकान चालवतात किंवा काढू इच्छितात, तिथे काही गोष्टींचा आग्रह धरावा. अगोदर कोण किती पिकवते आणि कोण काय विकत घेते याची घरोघर पाहणी करावी; भाडे मग ठरवावे. रोजकीर्द आणि साठ्याची वही दर आठवड्याला सभेत मोठ्याने वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येते. नासाडीचा आकडा फलकावर लिहावा. दुकानाने उधारी करू नये. पण मजुरी थकलेल्या घराला नुसता नकार देऊ नये, त्यासाठी बचत गटाने स्वतंत्र निधी ठेवावा. कार्यकारिणीत माल देणारे आणि घेणारे सारख्या संख्येने असावेत, आणि त्यांत भूमिहीन स्त्रिया असाव्यात. गल्ल्यावर बसणाऱ्या बाईची मजुरी सर्वांत आधी द्यावी. वाढाव्याची गोष्ट त्यानंतर.

कॉम्रेड्स, १८७५ साली शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या, कारण त्या जाळण्याखेरीज त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. आज वही लिहिण्याचे काम त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांच्या हाती देता येईल. त्यांना ती लिहिता यावी, तपासता यावी आणि तिच्यावरून भांडता यावे, एवढी तयारी करून देणे हे आपले काम आहे.