चारशे दोन मीटरची तयारी

इंदूरच्या तुकोगंजातून तासाभरात पिथमपूर गाठता येतं. तिथल्या 'नॅट्रॅक्स' या वाहन चाचणी केंद्रात 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक आहे; त्याचं उद्घाटन 2021 मध्ये झालं. इंदूरला वेगाचं वेड मात्र जुनंच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकात सुपरचार्जर लावलेली ड्यूसेनबर्ग गाडी खास बनवून घेतली होती.

या वेगवेडाचाच एक प्रकार म्हणजे ड्रॅग शर्यत; तिच्यात नुसती ताकद पुरत नाही.

सरळ 402 मीटरचं अंतर, आणि खरी कसोटी सुटतानाची. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर अशा शर्यती रंगल्या आहेत. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळत असेल, तर त्या टायरांतली हवा थोडी कमी करतात. रबर जमिनीला जास्त टेकतं. मग चाकं जागीच फिरवून टायर तापवतात. उन्हात हवा विरळ होते, इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून इंधनाचं प्रमाण त्या दिवसाच्या हवेनुसार जुळवावं लागतं. टर्बोचा दाब वाढवण्याचा मोह मोठा. पण इंजिन ठोके देऊ लागलं, तर पिस्टन निकामी होऊ शकतो. जाणता ट्यूनर एका वेळी एकच बदल करतो आणि प्रत्येक धावेची वेळ लिहून ठेवतो.

तरुण मित्रांनो, हा वेग बंद ट्रॅकवरच आजमावा. परवानगीविना रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे.