पायांची आग आणि पायांची राखण



वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याची आपण आज्ञा केलीत, म्हणून घरोघरी उपयोगी पडेल असा विषय घेतला आहे. मी काही डॉक्टर नव्हे. परंतु माझ्या सासूबाईंना बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांचे करताना जे कळले, ते सांगते.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. आपण म्हणतो, उष्णता झाली. आणि काशाच्या वाटीने तूप चोळतो. घटकाभर बरे वाटते. पण पुष्कळदा दुखणे नसांचे असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सर्वांत लांब, म्हणून त्रास तेथूनच सुरू होतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी असेच होते. मेटफॉर्मिनची गोळी पुष्कळ वर्षे घेणाऱ्यांत आणि शाकाहारी माणसांत ते कमी असू शकते. म्हणून साखर आणि ब-१२ दोन्ही तपासून घ्यावे.

उपाय आहेत. पहिला म्हणजे साखर ताब्यात ठेवणे. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा या आगीवर फारसा उपयोग होत नाही. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी निराळी औषधे डॉक्टर देतात. ती मनाने घेऊ नयेत वा सोडू नयेत.

आता मुख्य गोष्ट. आग थांबली म्हणजे रोग गेला, असे नव्हे. सासूबाईंची आग हळूहळू थांबली, तेव्हा घरात सर्वांना आनंद झाला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवला. सासूबाई गप्पच! टाच पाहिली तर आत बाभळीचा काटा, भोवती पू; आणि त्यांना पत्ताच नाही. वेदना ही शरीराची राखणदार. ती निघून गेली की जखम चिघळते आणि पाय कापण्यापर्यंत पाळी येऊ शकते. सासूबाईंचा पाय वेळेवर उपचार झाल्याने वाचला.

म्हणून रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकवत नसेल तर आरसा धरावा. पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. घरातही चपला घालाव्यात, आणि घालण्यापूर्वी झटकाव्यात. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी चालू नये. देव रागावत नाही. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना पाय दाखवावेत.

भगिनींनो, सणावाराला आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. यापुढे नमस्कार झाला की ते पाय जरा उलटूनही पाहू या, आणि त्याच दिव्याच्या उजेडात आपले स्वतःचेही.