बागबाजारचा खंदक आणि कैद्यांची मोजदाद



कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी बागबाजार आहे. तिथल्या एका गल्लीला आजही ‘मराठा डिच लेन’ म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी, म्हणजे बंगालच्या भाषेत ‘बर्गीं’नी, गावंच्या गावं लुटली होती. त्या धास्तीनं कोलकात्यातल्या इंग्रजांनी १७४२ मध्ये इथून खंदक खणायला घेतला. मराठे कोलकात्यावर आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही.

आला तो बंगालचा नवाब सिराजउद्दौला. १६ जून १७५६ला त्याच्या फौजेनं बागबाजारच्या मोर्चावर हल्ला केला. इंग्रजांनी तो परतवला, पण चारच दिवसांत त्यांचा किल्ला पडला. पकडलेल्यांना त्या रात्री किल्ल्यातल्याच कोठडीत कोंबलं. इंग्रजांनीच आपल्या शिपायांना डांबायला ती बांधली होती. जेमतेम अठरा फूट लांब, पंधरा फूट रुंद, गजांच्या दोन लहान खिडक्या. जूनचा उकाडा, घोटभर पाण्यासाठी खिडकीशी रेटारेटी. सकाळी दार उघडलं तेव्हा आत प्रेतांचा खच होता.

वाचलेल्यांपैकी हॉलवेल या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलं, १४६ आत गेले, १२३ मेले. हिशेब मांडून पाहा, माणशी दोन चौरस फूटही जागा येत नाही! इतिहासकार अक्षयकुमार मैत्रेय यांनी या हकिकतीवरच शंका घेतली. पुढच्या एका अभ्यासकानं आत गेलेले ६४च्या आसपास धरले. या मृतांच्या स्मारकाविरुद्ध १९४० मध्ये सुभाषबाबूंनी आंदोलन पुकारलं आणि ते रस्त्यावरून हलवावं लागलं. ते योग्यच झालं, कारण या कोठडीच्या नावानं इंग्रजांनी आपलं राज्य न्याय्य ठरवलं होतं. पण आकडा फुगवला म्हणून गुदमरून मेलेली माणसं खोटी ठरत नाहीत. कैदी ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. आणि त्या रात्री कोणी नावं लिहून घेतली असती, तर हा वादच उरला नसता.

आता १९४९च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांची नावं कळवणं बंधनकारक आहे. १९७१च्या युद्धात पूर्व पाकिस्तानात शरण आलेले, नागरिक धरून, सुमारे ९३,००० पाकिस्तानी आपल्या छावण्यांत होते. त्यांचे सेनापती जनरल नियाझी यांना आधी कोलकात्यातच, फोर्ट विल्यममध्ये, ठेवलं होतं. १९७४ मध्ये नियाझी परत गेले.

आपले ५४ जवान मात्र १९६५ आणि १९७१च्या युद्धांनंतर परतले नाहीत. ते पाकिस्तानच्या कैदेत असल्याचं आपलं सरकार मानतं, पाकिस्तान नाकारतं. त्यांची घरची माणसं अजून विचारत आहेत.