किती दिवस?

भोसरी एमआयडीसीतल्या गाळेवाल्यांना कायद्याचं एक कलम तोंडपाठ असतं: एकशे अडतीस. कायद्याचं नाव परक्राम्य संलेख अधिनियम. ते नाही आठवलं तरी काही अडत नाही. त्यातल्या मुदती नाही आठवल्या तर सगळंच अडतं. म्हणून कोर्टातला शब्द कानावर आला की अर्थाबरोबर 'किती दिवस?' हेही विचारत चला.

जॉबवर्कचा चेक वटला नाही की बँक मेमो देते. तो ड्रॉवरमध्ये पडतो. पार्टी म्हणते, 'शेठ, पुढच्या आठवड्यात करतो.' आपणही संबंध जपायला थांबतो, आणि तिथेच घात होतो. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती मिळाल्यावर पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस. ते उलटले की महिन्याभरात फिर्याद. फिर्यादीला झालेला उशीर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो, नोटिशीचा नाही. चेकचे तीन महिने संपले नसतील तर तो पुन्हा बँकेत भरून नव्याने सुरुवात करता येते, एवढीच सोय. नोटिशीचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं तर खचू नका. पत्ता बरोबर असेल तर नोटीस बजावली गेली असंच कोर्ट सहसा धरतं. फक्त पाकीट फोडू नका, जसंच्या तसं वकिलाच्या हाती द्या.

ही फिर्याद पोलीस ठाण्यात नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची. कुठल्या गावच्या? २०१४ मध्ये दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चेक देणाऱ्याची बँक असेल तिथल्या. म्हणजे पार्टीचं खातं चेन्नईला, तर भोसरीच्या माणसाने तारखेला चेन्नई गाठायची! २०१५ च्या दुरुस्तीने ते बदललं. आता तुमच्या खात्यात भरलेल्या चेकसाठी तुमचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट.

पुढे समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, तरीही आरोपी फिरकला नाही तर अजामीनपात्र. या शेवटच्या शब्दाने घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं, कारण जामीन मिळतच नाही असं वाटतं. तसं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क. अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यायचा की नाही हे कोर्टाच्या हाती. आणि निघालेलं वॉरंट रद्द करून घ्यायला कोर्टात हजर होऊन अर्ज करता येतो.

अटकेच्या प्रकरणात वेगळी भाषा कानी पडते. चाकणचं पोलीस ठाणं २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आलं, पण कोर्टासाठी माणूस राजगुरुनगरच गाठतो. तिथल्या व्हरांड्यात कुणीतरी बाहेर येऊन सांगतं, 'एमसीआर झाला.' आई हंबरडा फोडते, वकिलाचा चेहरा मात्र सैल झालेला असतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. माणूस तुरुंगात जातो खरा, पण आता जामिनाच्या अर्जाला वाट मोकळी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने इथे एक मेख मारून ठेवली आहे. पोलीस कोठडीचे एकूण १५ दिवस आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. एमसीआर झाला म्हणून पीसीआर संपला असं आता धरून चालता येत नाही. माझ्या मते ही तरतूद गरीब आरोपीला महागात पडणारी आहे.

दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यांत ९०. तेवढ्यात ते आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण आपोआप नाही. अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर तो हक्क हातचा गेला. हे दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत. पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून मोजायचे, आणि तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. तेव्हा रिमांडच्या आदेशाची नक्कल पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि त्यावरची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.