शेळ्या कुठं न्यायच्या?



रात्रीचं भरणं कुणी केलंय, असं बैठकीत विचारलं की सगळ्यांचे हात वर जातात. मालकांनी बारं धरायचं, आपण बॅटरी धरायची. उसात बिबट्या, बांधावर साप आणि घरी लेकरं एकटी. एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री, हे वर्षानुवर्षं चाललं.

म्हणून शेतीला दिवसा वीज म्हटलं की मला आनंदच होतो. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रयोगासाठी निवडलं गेलं ते आपलंच, पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. वीज उपकेंद्राजवळ सौर पॅनेल मांडायचे आणि त्यांची वीज दिवसा शेतीपंपांना द्यायची, एवढी साधी गोष्ट.

कोळशाची वीज कमी करून सूर्याची वाढवायची, पण त्यात गरिबाच्या पोटावर पाय येऊ द्यायचा नाही. याला जाणकार 'न्याय्य ऊर्जा संक्रमण' म्हणतात. शब्द जड आहे, सोडून द्या. त्यांची चर्चा बहुतेक चंद्रपूरच्या खाणी, नाशिकजवळच्या एकलहऱ्याचं वीजकेंद्र, तिथले कामगार यांची असते. ती व्हायलाच हवी. दक्षिण आफ्रिकेत कोमाती नावाचं कोळशाचं वीजकेंद्र २०२२ साली बंद झालं, तेव्हा आसपासच्या वस्तीचा रोजगारच आटला. आपल्याकडे खाणी नाहीत. आपला प्रश्न जमिनीचा आहे.

एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, शिवाय दरवर्षी तीन टक्के वाढ. जिरायतीला हे वाईट नाही. पण करार होतो सातबाऱ्यावरच्या नावाशी. त्यावर तुमचं नाव आहे का? नसेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याच्या नावाशेजारी लागू शकतं, तलाठ्याकडे चौकशी करा. आणि त्याच रानात खुरपायला जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते, तिला भाड्यातलं काहीच मिळत नाही.

दुसरी जागा म्हणजे सरकारी, त्यात गायरानही आलं. कागदावर ते पडीक असतं. एका गावात मी अर्धा तास सौर विजेचं कौतुक केलं. मग गटातून कर्ज काढून शेळ्या घेतलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, कुंपण पडल्यावर शेळ्या कुठं न्यायच्या? हप्ता तर चालूच राहणार ना?" मला उत्तर देता आलं नाही. कर्जाचा अर्ज मीच भरला होता.

ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यावी लागते, कायदाच आहे. आपल्याकडे ती बऱ्याचदा सह्यांपुरती होते. तिथं विचारा: चराईला किती जागा सोडणार? सरपणाची वाट कुठून? पॅनेल धुण्याचं, खालचं गवत काढण्याचं काम गटाला देणार का? प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळतात. त्यातून काय करायचं, तेही तिथंच बोला. आणि बोललेलं इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर उठू नका.

मावशींच्या गावात शेळ्या कुणाच्या, किती आणि कुठं चरतात, याची यादी आम्ही वहीत करतोय. अजून दोन वस्त्या राहिल्यात.