काडी मुठीत नव्हे, बोटांत
(अंथुर्णे येथे आनकवादक स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)

आपण बहुतेक उसाच्या रानातले. खोऱ्याचा दांडा घट्ट आवळायची हाताची सवय आनकाच्या काडीला बाधते. उजवी काडी मागून तिसऱ्या हिश्शावर अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरावी. बाकीची बोटे नुसती टेकवावीत. आनक पट्ट्याने तिरपा लटकतो, म्हणून डावा तळवा वर. काडी अंगठ्याच्या बेचक्यात, अनामिकेवर विसावलेली. आघातानंतर ताणलेले पृष्ठच काडीला परत उचलते. मूठ आवळली की ती उसळी मरते, मनगट भरून येते, लय रेंगाळते. नागपुरात १९२७ मध्ये घोष सुरू झाला. संचलनाचे पाऊल त्याच्यावरच पडते. आनक चुकला की मागच्या शेकडो स्वयंसेवकांचे पाऊल चुकते. तेव्हा हाताच्या फोडांना शौर्य समजू नका! आधी हात सैल सोडून झटका, मग काडी उचला.