खंडनाचा मान
(तत्त्वज्ञान परिषद, रेणापूर : स्वागताध्यक्षीय भाषण)



तत्त्वज्ञानाची परिषद तालुक्याच्या गावी कशाला, असं काहींनी विचारलं. आपल्या गावावरून जाणारा रस्ता अंबाजोगाईला पोचतो. तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. शके 1110 मध्ये, म्हणजे इ.स. 1188 साली, त्यांनी 'विवेकसिंधु'तून अद्वैत मराठीत मांडलं, असं परंपरा सांगते. पुढच्याच शतकात चक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून वेगळे असल्याचं मराठीतच सांगितलं. हा वाद आपल्या मातीतला आहे.

परिषदेचा विषय आहे, तत्त्वज्ञान बरोबर किंवा चूक ठरवता येतं का? 'आपापल्या जागी सगळेच बरोबर' असं म्हणून आपण पुष्कळदा मोकळे होतो. मला ते मान्य नाही. अंतिम तत्त्व एकच असेल, तर चार नित्य पदार्थ उरत नाहीत. चार असतील, तर अद्वैत टिकत नाही. दोन्ही मतं चुकीची असू शकतील, दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. आपल्या पूर्वसूरींना हे सांगायला संकोच वाटला नाही. ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'तलं सातवं, सर्वांत मोठं प्रकरण अज्ञानखंडनाला दिलं. समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्याइतकाच नीट मांडायचा आणि मग खोडायचा, यात त्या मताचा मान राखला जातो. न ऐकताच 'तुमचंही खरं' म्हणण्यात तो राखला जात नाही.

तत्त्वज्ञान जगण्याला भिडतं, तिथे तर ही परीक्षा टाळताच येत नाही. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने किल्लारी हादरली आणि आपल्या व शेजारच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली जवळपास दहा हजार माणसं गेली. 'आमचं काय चुकलं?' असं विचारणाऱ्यांना 'गेल्या जन्मीचं भोगलं' हे उत्तरही मिळालं. अभियंत्यांनी ढिगारे पाहिले. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, वर माळवदाच्या मातीचा भार. धक्का बसताच भिंतीचे दोन थर सुटले आणि माळवद खाली आलं.

कर्मवादी म्हणेल, भिंत निमित्त, कारण कर्मच. हा पूर्वपक्ष मी गांभीर्याने घेतो. पण घर पडलं तरी कर्म आणि उभं राहिलं तरी कर्म, असं असेल तर त्या मताला घराबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. शिवाय ते लेकरू गमावलेल्या आईच्याच पदरात दोष घालतं. मी ते चूक मानतो आणि या व्यासपीठावरून तसं म्हणतो. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच आक्षेप समाजाच्या अंगाने घेतला. गरिबीचं कारण गेल्या जन्मात शोधलं, की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात. ज्याला हे पटत नसेल, त्याने इथे उभं राहून खोडावं. त्यासाठीच दुपारचं सत्र पूर्ण चर्चेला ठेवलं आहे, आणि गावातल्या शेतकऱ्याने, मजुराने प्रश्न विचारला तर त्याला प्राध्यापकाइतकाच वेळ मिळेल.

जेवणाला भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी आहे. उद्या सकाळी पानगावला जायची सोय केली आहे. आपल्याच तालुक्यातलं गाव. तिथलं प्राचीन विठ्ठल मंदिर पाहा आणि बाबासाहेबांच्या अस्थी जिथे जपल्या आहेत ते चैत्यस्मारकही पाहा. गाड्या सात वाजता निघतील. अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.